मैदानाच्या काठावरून : ज्युनिअर हॉकीची तुमची पत्रं

२०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात चेन्नई आणि मदुराईत पुरुषांचा ज्युनिअर, म्हणजे एकवीस वर्षांपर्यंतच्या मुलांचा, हॉकी विश्वचषक झाला. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्मी त्याबद्दलचीच आहेत, म्हणून या वेळी सदरात फक्त हॉकी. मी खडकीचा. गोलकीपर म्हणून खेळलो आणि आता रोज पहाटे मुलांना शिकवतो. त्यामुळे गोलकीपरचा विषय निघाला की उत्तर लांबतं, तेवढं समजून घ्या.

भारत–बेल्जियम उपांत्यपूर्व सामन्याच्या शूटआउटमध्ये शारदानंद तिवारी एकटाच तीनदा गोल करताना दिसला. पाच वेगवेगळे खेळाडू यायला हवेत ना? आणि शूटआउटमध्ये पेनल्टी स्ट्रोक कुठून आले?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. सामना २-२ असा सुटला आणि शूटआउट भारताने ४-३ ने जिंकलं. त्या चारांतले तीन गोल तिवारीचे, एक अंकित पालचा.

आता नियम. दोन्ही संघांचे पाच-पाच जण आळीपाळीने येतात. चेंडू २३ मीटरच्या रेषेवर ठेवतात, गोलकीपर गोलरेषेवर उभा असतो. शिट्टी वाजली की दोघंही सुटतात आणि आठ सेकंदांत गोल व्हायला हवा. चेंडू गोलकीपरला लागून परत आला तरी वेळ शिल्लक असेल तर पुन्हा मारता येतो. या आठ सेकंदांत गोलकीपरकडून नकळत चूक झाली, तर तो प्रयत्न पुन्हा घेतात. पण त्याने जाणूनबुजून आडवं येऊन खेळाडूला पाडलं किंवा अडवलं, तर पेनल्टी स्ट्रोक मिळतो. आणि हा स्ट्रोक ज्याला पाडलं त्यानेच घ्यायचा असं बंधन नाही, संघातला कुणीही पात्र खेळाडू घेऊ शकतो. तीन वेळा आपल्या मुलांना पाडलं गेलं आणि तीनही वेळा तिवारी पुढे आला. ६.४० मीटरवरून, समोर एकटा गोलकीपर, आणि चेंडू निघेपर्यंत त्याला रेषा सोडता येत नाही. ते सोपं वाटतं. पण एकाच गोलकीपरसमोर थोड्या-थोड्या वेळाने तीनदा उभं राहायचं, आणि तिसऱ्यांदा त्याला तुमची आवडती बाजू ठाऊक झालेली असते. ज्युनिअर वयाच्या मुलाचं हे धैर्य आहे.

मी मात्र सगळा वेळ आपला गोलकीपर प्रिन्सदीप सिंग याच्याकडे बघत होतो. शूटआउटमध्ये गोलकीपर हरतो तो बहुतेक वेळा घाईने. मी माझ्या पोरांकडून हे रोज करून घेतो: शिट्टी झाली की तीन-चार मोठी पावलं पुढे, मग थांबायचं. धावत राहिलास तर तुझं वजन पुढे असतं आणि समोरचा तुला नुसत्या खांद्याच्या झोक्याने फसवतो. थांबलास की त्याला निर्णय घ्यावा लागतो. त्याला त्याच्या डाव्या हाताला, रिव्हर्स स्टिकवर, म्हणजे स्टिक उलटी वळवून खेळावं लागतं त्या बाजूला ढकलत न्यायचं, कारण तिथून गोलाचा कोन लहान होत जातो. आणि आधी पडायचं नाही. जो आधी पडतो तो संपला. काठावर उभा राहून मी सेकंद मोठ्याने मोजतो, पाचव्या सेकंदाला समोरच्या मुलाची नजर चेंडूवरून सुटून गोलाकडे जाते, तेवढ्यात पॅड लावायचा. प्रिन्सदीप तेच करत होता. त्या स्पर्धेत त्याचा प्रशिक्षक पी. आर. श्रीजेश, भारताचा माजी गोलकीपर, होता, तेव्हा हे त्याला कुणी शिकवलं असेल ते सांगायला नको.

कांस्यपदकाचं एवढं कौतुक का चाललंय? भारताने ही स्पर्धा दोनदा जिंकली आहे, आणि या वेळी उपांत्य फेरीत जर्मनीकडून ५-१ ने हरलो.
— एक वाचक, सोलापूर

दोनदा जिंकली हे खरं. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला अर्जेंटिनाला ६-१ ने हरवलं, गगन अजितसिंगच्या संघाने. २०१६ मध्ये लखनौला बेल्जियमवर २-१. त्याआधी १९९७ ला अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून हरलो होतो. आणि २०२१ ला भुवनेश्वरला, २०२३ ला क्वालालंपूरला, लागोपाठ दोनदा चौथे आलो. एकदा फ्रान्सने तिसऱ्या जागेचा सामना जिंकला, एकदा स्पेनने.

हे लक्षात ठेवून चेन्नईचा तो शेवटचा सामना बघा. जर्मनीने पाच गोल मारलेले. समोर अर्जेंटिना, आणि तीन क्वार्टर संपले तेव्हा आपण ०-२ ने मागे. म्हणजे पुन्हा चौथे, लागोपाठ तिसऱ्यांदा, तेही घरच्या मैदानावर. मग शेवटच्या क्वार्टरमध्ये अंकित पाल, मनमीत सिंग, तिवारी आणि अनमोल एक्का यांचे चार गोल, आणि ४-२.

तिसऱ्या जागेचा सामना हा खेळातला सगळ्यांत कठीण सामना असतो असं मी मानतो. मी एक असा सामना खेळलो आहे, राज्य पातळीवरचा. आदल्या सामन्यात हरलेलो, रात्री कुणी जेवलं नव्हतं. सकाळी पॅड बांधताना बकल लागेना, कारण हात हलत नव्हते आणि लागावं अशी इच्छाही नव्हती. त्या दिवशी आम्ही हरलो. ०-२ वरून शेवटच्या पंधरा मिनिटांत उठणाऱ्या मुलांचं कौतुक मी म्हणूनच करतो, आणि त्यात मला काही कमी-जास्त वाटत नाही.

बाकी ज्युनिअर स्पर्धेत पदकाचा रंग मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. ही स्पर्धा पाच-सहा वर्षांनी कळते. लखनौच्या संघातली सात मुलं टोकियो ऑलिम्पिकला होती: हरमनप्रीत सिंग, वरुण कुमार, मनदीप सिंग, सुमित, नीलकांत शर्मा, गुरजंत सिंग, सिमरनजीत सिंग. १९८० च्या मॉस्कोनंतर ४१ वर्षांनी हॉकीचं ऑलिम्पिक पदक आलं, त्यात ही सात. लखनौला हरलेल्या बेल्जियमकडेही बघा. दोन वर्षांत त्यांनी मोठा विश्वचषक जिंकला आणि टोकियोला सुवर्ण. तेव्हा चेन्नईच्या या मुलांची नावं कुठेतरी लिहून ठेवा, २०३० च्या सुमारास पुन्हा काढून बघा.

जर्मनी नेहमी कशी जिंकते?
— इयत्ता आठवी, अहिल्यानगर

नेहमी नाही, पण १९७९ पासूनच्या स्पर्धांमध्ये आठ वेळा, म्हणजे इतर कुणाहीपेक्षा जास्त. चेन्नईत त्यांनी स्पेनला १-१ नंतर शूटआउटमध्ये ३-२ ने हरवलं. एक मोठं कारण सांगतो. तिकडे हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही, म्हणून मुलं छताखाली इनडोअर हॉकी खेळतात. मैदान लहान, कडेला लाकडी फळ्या, आणि चेंडू जोरात फटकावून चालत नाही, फक्त ढकलायचा; उचलायचा तोही गोलावर मारतानाच. सात-आठ वर्षांचं पोर चार महिने असं खेळलं की चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा राहतो. तू सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे करू शकतोस. दोन चपला ठेव आणि चेंडू न फटकावता त्यांच्यामधून ने-आण कर. रोज वीस मिनिटं.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, हाफ खेळतो. शाळेकडून विभागीय स्पर्धेपर्यंत गेला. त्याला भारताच्या ज्युनिअर संघात जायचंय. आम्हाला यातलं काही कळत नाही. शाळा सोडून अकादमीत टाकावं का? निवड कशी होते? कुणाला भेटावं लागतं का?
— एक आई, कराड

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. कुणालाही भेटू नका. कुणी "मी बघतो, थोडा खर्च येईल" म्हणालं तर त्या माणसाशी बोलणं बंद करा. आणि मुलाच्या जन्मतारखेला हात लावू देऊ नका. हॉकीत वयाची कागदपत्रं फार बारकाईने तपासतात, आणि एकदा डाग लागला की मुलगा कितीही चांगला असो, त्याची दोन-तीन वर्षं जातात. तुम्ही तसं करणार नाही हे पत्रावरून दिसतंच, पण सल्ला देणारे भेटतील.

रस्ता असा असतो: जिल्हा, मग राज्याचा सब-ज्युनिअर किंवा ज्युनिअर संघ, तिथून राष्ट्रीय स्पर्धा. तिथे निवडकर्ते बसलेले असतात. त्यांच्या नजरेत आलेली मुलं राष्ट्रीय शिबिराला बोलावली जातात, आणि शिबिरातून शेवटी अठरा जणांचा संघ निघतो. विश्वचषकाच्या आधी जोहोर चषक, ज्युनिअर आशिया चषक अशा स्पर्धा असतात, त्यात मुलांची परीक्षा होते. चेन्नईत खेळलेला संघ २०२४ च्या शेवटी मस्कतला ज्युनिअर आशिया चषक जिंकून आला होता.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट वाचा. काही वर्षांपूर्वी माझा एक मुलगा निवड चाचणीला गेला. गावाहून चौदा तासांचा प्रवास, रात्री स्टेशनवर बसून. चाचणीत त्याला मैदानावर सगळी मिळून अकरा मिनिटं मिळाली. नाव पुकारलं तेव्हा आधीचा गट उशिरा संपलेला, शिट्टी लवकर वाजली, आणि त्याबद्दल कुणी त्याला दोन शब्दही बोललं नाही. मला त्याचा राग आजही आहे. पण त्या अकरा मिनिटांत जे घडलं ते माझ्या शिकवण्यातलं उणं होतं. तो मातीवर वाढलेला. मातीवर खडा लागून चेंडू उसळतो, म्हणून आपण स्टिक जमिनीपासून बोटभर वर ठेवून चेंडू घेतो. ती सवय हातात बसते. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, पाणी मारलेलं असतं, चेंडू न उसळता, सरपटत, दुप्पट वेगाने येतो. त्याच्याकडे आलेला पहिला चेंडू स्टिकखालून गेला. दुसराही. तिसऱ्यानंतर तो चेंडू मागेनासा झाला. मी लांबून बघत होतो आणि मला कळत होतं की माझ्या पोराला खेळ येतो, फक्त हा खेळ त्याने कधी पाहिलेला नाही.

तेव्हापासून मी कुठल्याही मुलाला टर्फवर महिनाभर खेळवल्याशिवाय चाचणीला पाठवत नाही. पुण्यात बालेवाडीला आणि पिंपरीत नेहरूनगरला टर्फ आहे. कराडहून दर रविवारी पहाटेची एसटी धरून येणं अवघड आहे, मला माहीत आहे, पण चाचणीच्या आधीचे सहा-आठ रविवार तेवढं करा. दोन डबे द्या, एक खेळानंतर लगेच खायला. आणि टर्फचे खालून बारीक गुठळ्या असलेले बूट घ्या. ओल्या टर्फवर साधे बूट घसरतात आणि घसरलं की गुडघ्याचं साल निघतं.

शाळा सोडू नका. अकादमीत जागा मिळाली, उदाहरणार्थ शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत, तर जरूर पाठवा, तिथे शिक्षण सोबत चालतं. पण शिक्षण थांबवून खेळाला वाहून घेणं हे मी सोळाव्या वर्षी कुणालाही सांगणार नाही. हॉकीपटूला पुढे रेल्वे, सेनादल, पेट्रोलियम कंपन्या यांत नोकरी मिळते, तिथेही बारावी किंवा पदवी विचारतात.

मुलगा हाफ, म्हणजे मधल्या फळीत, खेळतो म्हणालात. त्याला सांगा, पुढच्या सामन्यात चेंडू येण्याआधी किती वेळा मान वळवून मागे पाहिलं ते मोजायचं. चेन्नईचे सामने पुन्हा लावून त्यातल्या हाफकडेच दहा मिनिटं बघा, चेंडूकडे नको. तुम्हालाही दिसेल.

महाराष्ट्राचा कुणी मुलगा या स्पर्धेत खेळला आहे का? की हॉकी म्हणजे पंजाब आणि ओडिशाच?
— एक वाचक, अमरावती

२०२३ ला क्वालालंपूरला आदित्य अर्जुन लालगे होता. नेदरलँड्सविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना मिळाला तर बघा. मध्यंतराला आपण ०-२ ने मागे होतो. उत्तरार्ध सुरू झाल्यावर पहिला गोल या मुलाचा. तिथून सामना फिरला आणि भारताने ४-३ ने घेतला. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्याला मोठी जागा मिळायला हवी होती असं मला तेव्हा फार वाटलं. मुलींमध्ये फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे भारतासाठी खेळल्या.

आणि धनराज पिल्ले याच खडकीतला. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक खेळला. लहानपणी मोडलेल्या स्टिक बांधून खेळल्याचं त्याने स्वतः सांगितलं आहे. आमच्या भागात ही गोष्ट अतिशयोक्तीची वाटत नाही, आम्ही सगळेच सुतळी आणि फेव्हिकॉलने स्टिक जोडायचो. पंजाब, ओडिशा, मणिपूर, झारखंड इथून मुलं जास्त येतात, कारण तिथे लहानपणापासून खेळायला मैदान आणि सोबत असते. आपल्याकडे मुलं आहेत, टर्फ कमी आहेत.

मी या वर्षी बावीस पूर्ण करतोय. दोन वेळा राज्याच्या ज्युनिअर संघात होतो, राष्ट्रीय शिबिराला कधी बोलावलं नाही. चेन्नईत माझ्याविरुद्ध खेळलेली दोन मुलं होती. टीव्ही बघवला नाही. आता ज्युनिअरचं वय संपलं. सोडून द्यावं का?
— एक खेळाडू, नागपूर

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. टीव्ही बघवला नाही यात लाजण्यासारखं काही नाही.

या स्पर्धेचं वय फार क्रूर आहे, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. ज्या वर्षी स्पर्धा, त्या वर्षाअखेर खेळाडू एकवीसहून मोठा नको. लखनौच्या वेळी मनदीप बावीसला महिनाभर कमी असताना खेळला. तो चार आठवडे आधी जन्मला असता तर ती स्पर्धा त्याला मिळालीच नसती. शिवाय स्पर्धा दर वर्षी नसते. एखाद्या मुलाचा बहर दोन स्पर्धांच्या मधल्या वर्षात येऊन जातो आणि त्याच्या नावापुढे काहीच लागत नाही. यात त्याच्या खेळाचा दोष नसतो.

आता दुसरी बाजू. लखनौच्या अठरा विजेत्यांपैकी सात टोकियोला होते, म्हणजे अकरा नव्हते. कर्णधार हरजीत सिंगही नव्हता. विश्वविजेत्या संघात असूनही पुढचं दार उघडेलच असं नाही. आणि सिमरनजीत सिंगचं बघ. टोकियोच्या मूळ सोळांत तो नव्हता, राखीव होता. कोविडमुळे राखीव खेळाडूंनाही खेळवायची मुभा मिळाली. कांस्यपदकाच्या सामन्यात आपण जर्मनीविरुद्ध १-३ ने मागे होतो, आणि ५-४ ने जिंकलो त्यात दोन गोल सिमरनजीतचे. तेव्हा तो चोवीसचा होता.

तू सिमरनजीत होशील असं मी म्हणत नाही, कारण तुझा खेळ मी पाहिलेला नाही. पण बावीस हे सोडण्याचं वय नाही. राज्याच्या सिनिअर संघाची चाचणी दे. रेल्वे आणि सेनादलाच्या भरतीत खेळाडूंच्या जागा निघतात, त्यांच्या जाहिरातींवर स्वतः नजर ठेव, कुणी सांगेल म्हणून थांबू नकोस. २०१७ नंतर बंद पडलेली हॉकी इंडिया लीगही पुन्हा सुरू झाली आहे, म्हणजे सिनिअर खेळाडूंना जागा वाढल्या. एक वर्ष पूर्ण ताकदीने दे, आणि त्याच वर्षात पंचांचा किंवा प्रशिक्षकाचा प्राथमिक अभ्यासक्रमही करून टाक. पुढच्या वर्षी याच सुमारास मला पुन्हा लिही. खेळत असशील तरी आणि नसशील तरी.

आणि ती दोन मुलं तुझ्याविरुद्ध खेळली होती ना? त्यांना फोन कर. तुझ्याशी खेळताना काय अवघड गेलं ते विचार. तुझ्या खेळाबद्दल त्यांच्याइतकं खरं कुणी सांगणार नाही.

माळ्यावर माझ्या दिवंगत भावाचे गोलकीपरचे पॅड, किकर (बुटांवर घालायचं जाड आवरण) आणि हातमोजे आहेत. पंधरा-वीस वर्षं जुने असतील. कुणाला उपयोगी पडतील का?
— एक वाचक, ठाणे

पडतील. गोलकीपरचं सगळं सामान घ्यायला गरीब घरातल्या मुलाच्या वडिलांचा दोन-तीन महिन्यांचा पगार जातो, म्हणून कितीतरी पोरं गोलात उभी राहायची इच्छा असून फॉरवर्ड खेळतात.

पाठवण्याआधी एवढं करा. पॅड उन्हात नको, सावलीत दोन दिवस वारा लागू द्या. मग अंगठ्याने फोम दाबून बघा. परत वर आला तर चांगला आहे, खड्डा राहिला तर तो पॅड मोठ्या मुलांच्या फटक्याला चालणार नाही, पण दहा-अकरा वर्षांच्या मुलांना चालेल. पट्टे तुटले असतील तर राहू द्या, आमच्याकडचा चांभार बसवून देतो. हेल्मेट असेल आणि त्याला कुठेही चीर दिसली तर ते मात्र पाठवू नका.

मासिकाच्या कार्यालयाच्या पत्त्यावर, या सदराचं नाव घालून पाठवा. आणि सोबत चिठ्ठीत तुमच्या भावाचं नाव लिहा. पॅडच्या आतल्या बाजूला मी ते मार्करने लिहून ठेवीन.